मॉड्यूल कुणाचं, फोल्डर कुणाचा

गणपती आठ दिवसांवर आले होते. बडोद्यातल्या एका जुन्या मराठी मंडळाची साईट मी सांभाळतो. ती ड्रुपलवर चालते. त्या वर्षी स्पर्धांची नावनोंदणी कागदावर न घेता साईटवरच घ्यायची असं कार्यकारिणीत ठरलं आणि मी त्यासाठी एक छोटं मॉड्यूल लिहिलं. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. रात्री अकरा वाजता सर्व्हरवर चढवलं, तर सर्व्हर कॉन्फिगरेशन आत घ्यायलाच तयार होईना. या नावाचं मॉड्यूल अस्तित्वात नाही, असं त्याचं म्हणणं. दीड तास गेल्यावर उलगडा झाला. घाईघाईत मी माझ्या मॉड्यूलचा फोल्डर इतरांच्या मॉड्यूल्ससाठी असलेल्या ‘कॉन्ट्रिब’मध्ये ठेवला होता, आणि ‘कॉन्ट्रिब’ गिटमधून वगळलेला होता. म्हणजे मी लिहिलेला कोड जगात एकाच जागी होता, माझ्या लॅपटॉपवर. सेक्रेटरीकाका सकाळी फोनवर एवढंच म्हणाले, “जेवून झोपलात ना?”

चूक माझी होती आणि ती अगदी बाळबोध होती. पण त्यानंतर मी दुसऱ्यांच्या हातून आलेल्या साईट्सचे फोल्डर बारकाईने बघायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की कस्टम मॉड्यूल्स चार-पाच होईपर्यंत कुणीच त्यांच्या जागेचा विचार करत नाही, आणि पंधरा झाली की विचार करायची भीती वाटते. हा लेख त्या दोन टोकांच्या मधे असलेल्यांसाठी आहे. फोल्डरांची आणि फायलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितो आहे. तुमच्या संगणकावर ती रोमन अक्षरांत, छोट्या लिपीत असतील, एवढं ध्यानात ठेवा.

पहिली वाटणी विषयानुसार करू नका, मालकीनुसार करा. ड्रुपलमध्ये तीन मालक असतात. ‘कोअर’ ड्रुपलचा. ‘मॉड्यूल्स’ फोल्डरच्या आतला ‘कॉन्ट्रिब’ जगभरच्या इतर लोकांचा, त्यातला माल कम्पोझर आणून ठेवतो. आणि ‘मॉड्यूल्स’च्याच आतला ‘कस्टम’ तुमचा. ड्रुपलचा ठरावीक प्रोजेक्ट-साचा घेऊन सुरुवात केली असेल तर हे पत्ते कम्पोझरच्या फायलीत आधीच लिहिलेले असतात. या तिघांपैकी गिटमध्ये फक्त ‘कस्टम’ जातो. ‘कोअर’, ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘व्हेंडर’ वगळायचे, कारण कम्पोझरच्या लॉक फायलीवरून ते केव्हाही पुन्हा उभे करता येतात. तेव्हा एखादं मॉड्यूल कुठे ठेवावं असा प्रश्न पडला, की ते कशाबद्दल आहे हे विचारू नका. उद्या ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे विचारा.

याच नियमातून दुसरी गोष्ट निघते. ‘कॉन्ट्रिब’मधल्या मॉड्यूलच्या दोन ओळी बदलायचा मोह होतो. बदललात की पुढच्या अपडेटला त्या ओळी पुसल्या जातात आणि कुणाला आठवतही नाही की त्या होत्या. तसा बदल लागलाच तर त्याचा पॅच करा, तो पॅच गिटमध्ये ठेवा आणि कम्पोझरकडून लावून घ्या. ‘कॉन्ट्रिब’मधलं मॉड्यूल ‘कस्टम’मध्ये कॉपी करून तिथे दुरुस्त करणं हा त्याहून वाईट उपाय. त्या दिवसापासून त्या मॉड्यूलच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या तुमच्या गळ्यात पडल्या असं समजा.

आता ड्रुपल मॉड्यूल शोधतं कसं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. बडोद्याच्या माणसाला हे सांगताना मला मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी फार उपयोगी पडते. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. तीन वर्षांत त्याने इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली आणि वर्गीकरणाची एक पद्धत तयार केली. कटर आणि ड्युई या दोन अमेरिकन पद्धतींच्या मिश्रणातून ती केलेली होती. अशा पद्धतीत खूण पुस्तकाच्या पाठीवर असते. पुस्तक या मांडणीवरून त्या मांडणीवर गेलं तरी खूण तीच राहते. त्याआधीच्या कित्येक ग्रंथालयांत ‘तिसरं कपाट, दुसरा कप्पा, सातवं पुस्तक’ हाच पुस्तकाचा पत्ता असायचा, आणि एक कपाट हलवलं की सगळी यादी नव्याने लिहावी लागायची.

ड्रुपल पाठीवरची खूण वाचतं. ‘मॉड्यूल्स’ फोल्डरच्या आत कितीही खोल जाऊन ते इन्फो-वायएमएल फायली शोधतं. फाईल ‘मंडळ_देणगी.इन्फो.वायएमएल’ या नावाची असेल तर मॉड्यूलचं मशीन-नाव ‘मंडळ_देणगी’. बाहेरच्या फोल्डरला काय नाव दिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कुठली मॉड्यूल्स चालू आहेत याची कॉन्फिगरेशनमधली यादीही नुसत्या मशीन-नावांची असते, तिच्यात पत्ते नसतात. म्हणून ‘कस्टम’च्या आत तुम्ही हवे तितके पोटफोल्डर करू शकता, आणि पुढे ते बदलूही शकता.

या सोयीला एक काटा आहे. बदल करण्याआधी फोल्डरची प्रत काढून तिला ‘देणगी_जुनं’ असं नाव देऊन शेजारीच ठेवायची सवय आपल्यापैकी बऱ्याच जणांना असते. फोल्डरचं नाव बदललं, पण आतली इन्फो फाईल तीच राहिली. आता एकाच खुणेची दोन पुस्तकं झाली. ड्रुपल त्यातलं एकच उचलणार, आणि ते नवं असेल याची खात्री नाही. मी एकदा एक पूर्ण दुपार ज्या फायलीत बदल करत बसलो होतो, ती फाईल वाचलीच जात नव्हती. जुनी प्रत ठेवायला गिट आहे, ‘कस्टम’ नाही. ‘साईट्स’ फोल्डरच्या आत एखाद्या साईटचा वेगळा ‘मॉड्यूल्स’ फोल्डर असेल तर तिथली प्रत मुख्य फोल्डरातल्या प्रतीवर मात करते. अनेक साईट्स एकाच कोडवर चालवणाऱ्यांना ही सोय आहे, बाकीच्यांना सापळा.

आणि पोटफोल्डरांना नावं देताना काही शब्द टाळा. शोधताना ड्रुपल ‘एसआरसी’, ‘लिब’, ‘व्हेंडर’, ‘ॲसेट्स’, ‘फाईल्स’, ‘इमेजेस’, ‘टेम्प्लेट्स’, ‘इन्क्लूड्स’, ‘मिस्क’ अशा नावांच्या फोल्डरांत डोकावतच नाही, कारण तिथे मॉड्यूल असण्याची अपेक्षाच नसते. ‘कॉन्फिग’ची गतही जवळपास तीच. फाईल-डाऊनलोडची तीन मॉड्यूल्स तुम्ही मोठ्या हौसेने ‘फाईल्स’ नावाच्या गटात नेऊन ठेवलीत, तर ती यादीतून गायब होतील आणि त्याचं कारण सांगणारा एक संदेशही दिसणार नाही.

मग गट करायचे की नाही? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. दहा-बारा मॉड्यूल्सपर्यंत ‘कस्टम’ सपाट ठेवा. नावं नीट असतील तर वर्णानुक्रमाने लावलेली यादी हेच उत्तम वर्गीकरण असतं, आणि ते फुकट मिळतं. विषयवार गट केले की पहिल्याच आठवड्यात वाद सुरू होतो. देणगीची पावती सभासदाला ईमेलने पाठवणारं मॉड्यूल ‘हिशेब’मध्ये, ‘सभासद’मध्ये की ‘पत्रव्यवहार’मध्ये? पुस्तकांच्या बाबतीत ग्रंथपाल हा वाद शंभर वर्षं घालत आलेत. आपल्याला तो टाळता येतो.

सगळा भार नावावर टाका. एका साईटच्या सगळ्या कस्टम मॉड्यूल्सना एकच उपसर्ग द्या: ‘मंडळ_सभासद’, ‘मंडळ_देणगी’, ‘मंडळ_स्पर्धा’. उपसर्गामुळे दोन कामं होतात. यादीत ती सलग दिसतात, आणि ड्रुपलच्या संकेतस्थळावरच्या एखाद्या मॉड्यूलशी नाव आपटण्याची शक्यता जवळजवळ संपते. नुसतं ‘डोनेशन’ किंवा ‘इव्हेंट’ असं नाव कधीही देऊ नका. मशीन-नाव पन्नास अक्षरांच्या आत, छोट्या लिपीत, अक्षराने सुरू होणारं, आणि साईटच्या थीमच्या नावाहून वेगळं हवं.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना आणखी एक भानगड होते. आमच्याकडे ‘देणगी’ एकाने शेवटी एक ‘आय’ लावून लिहिलं, दुसऱ्याने दोन ‘ई’ लावून. सभासदांची तर तीन मॉड्यूल्स निघाली. एक ‘मेंबर’, एक ‘सभासद’ आणि एक, गुजरातीत विचार करणाऱ्या सहकाऱ्याने केलेलं, ‘सभ्य’. तिन्हींचा अर्थ एकच. बडोदे संस्थानाला हा प्रश्न राज्यकारभाराच्या पातळीवर पडला होता. त्यावर त्यांनी 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतला प्रशासकीय कोशच काढला. आपल्याला कोश नको, वीस शब्दांची एक टेक्स्ट फाईल पुरे. संकल्पना, ठरलेला शब्द, ठरलेलं स्पेलिंग. ती ‘कस्टम’च्या मुळाशी रीडमी म्हणून ठेवा. नवा माणूस आला की त्याला आधी ती वाचायला द्या.

पडद्यावरच्या गटांसाठी फोल्डरची गरजच नाही. प्रत्येक इन्फो फाईलीत ‘पॅकेज’ ही ओळ देता येते. सगळ्या मॉड्यूल्सना एकच पॅकेज-नाव दिलं की ॲडमिनच्या एक्स्टेंड पानावर ती एका मथळ्याखाली येतात, फोल्डर कुठेही असो. सेक्रेटरीकाकांसारख्या माणसाला दिसतं ते एवढंच. कोणतं मॉड्यूल कशावर अवलंबून आहे ते ‘डिपेंडन्सीज’मध्ये लिहा. ‘मंडळ_देणगी’ला ‘मंडळ_सभासद’ लागतं, हे फोल्डर शेजारी ठेवून ड्रुपलला कळत नाही.

एका मॉड्यूलची दोन-तीन उपांगं असतील, आणि ती मुख्य मॉड्यूलशिवाय निरर्थक असतील, तर त्यांना ‘कस्टम’मध्ये सुटं सोडू नका. मुख्य मॉड्यूलच्या आत ‘मॉड्यूल्स’ नावाचा फोल्डर करून तिथे उपमॉड्यूल म्हणून ठेवा. स्पर्धांच्या मॉड्यूलच्या आत निकालपत्र आणि प्रमाणपत्र अशी दोन पोरं छान नांदतात. त्याच्या पुढे नातवंडं नकोत.

गट खरोखर लागतो तो एका प्रसंगी. तेच मॉड्यूल दोन गिऱ्हाइकांकडे चालवायचं असेल तेव्हा. बडोदे संस्थानात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत. पेटी या गावची नाही की त्या गावची नाही, ती बडोद्याहून निघते आणि बडोद्याला परत येते. समाईक मॉड्यूलचंही तसंच. माझं तीन भाषांत पावती छापणारं मॉड्यूल असंच आहे. मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तिन्ही भाषांशिवाय बडोद्यातल्या संस्थेचं काम भागत नाही. बडोद्यातलं ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिकही 1912 मध्ये याच तीन भाषांत सुरू झालं होतं. या मॉड्यूलची प्रत प्रत्येक साईटच्या ‘कस्टम’मध्ये ठेवली तर वर्षभरात चार साईट्सवर चार वेगळी मॉड्यूल्स होतात. त्यापेक्षा त्याला स्वतंत्र गिट भांडार द्या, आत कम्पोझरची फाईल ठेवा आणि प्रत्येक साईटमध्ये कम्पोझरकडूनच मागवा. ते उतरण्यासाठी ‘मॉड्यूल्स’च्या आत ‘समाईक’ असा तिसरा फोल्डर ठरवा. कम्पोझरच्या इन्स्टॉलर-पाथ्समध्ये तुमच्या व्हेंडर-नावासाठी हा नियम ‘कॉन्ट्रिब’च्या नियमाच्या वर लिहा, आणि तो फोल्डर गिटमधून वगळा. इथेही मालकीचाच नियम लागू होतो. कम्पोझर जे आणतो त्याला हाताने स्पर्श करायचा नाही, मग ते आपण स्वतः लिहिलेलं का असेना.

वर्डप्रेस किंवा जूमलावर काम करणाऱ्यांनी यातलं सगळं जसंच्या तसं उचलू नये. वर्डप्रेस ‘प्लगिन्स’ फोल्डरमध्ये फक्त एक पायरी खाली बघतं. ‘प्लगिन्स’च्या आत ‘आमचे’ आणि त्याच्या आत पाच प्लगिन्स, असं केलंत तर एकही दिसणार नाही. शिवाय चालू प्लगिन्सची यादी वर्डप्रेस फोल्डर आणि फाईल अशा पत्त्यानेच ठेवतं, म्हणजे जुन्या ग्रंथालयासारखी. फोल्डरचं नाव बदललं की प्लगिन बंद. ‘एमयू-प्लगिन्स’मध्ये तर पोटफोल्डर आपोआप वाचलेच जात नाहीत, बाहेर एक छोटी फाईल ठेवून आतली ओढून घ्यावी लागते. जूमलामध्ये मॉड्यूल म्हणजे पानाच्या कडेला बसणारी चौकट, तिथे ‘मॉड’ उपसर्ग सक्तीचाच आहे आणि गट करता येत नाहीत. या दोन्हीकडे नावाचा उपसर्ग हेच तुमचं एकमेव कपाट.

आता खरा उद्योग. विस्कटलेली साईट हातात आली आहे आणि ती आवरायची आहे. ड्रुपल 7 असेल तर आधी हे आवरणं सोडाच. 5 जानेवारी 2025 ला त्याचा आधार संपला, तिथे वेळ घालवायचा तो स्थलांतरावर. मात्र ड्रुपल 7 च्या काळात कोअरबाहेरची मॉड्यूल्स सहसा ‘साईट्स/ऑल/मॉड्यूल्स’मध्ये असत, कारण मुळातला ‘मॉड्यूल्स’ फोल्डर कोअरचा होता. नोव्हेंबर 2015 मध्ये आलेल्या ड्रुपल 8 ने कोअर वेगळ्या फोल्डरात हलवला आणि ती जागा आपल्याला मोकळी करून दिली. जुन्या हाताचे लोक अजूनही ‘साईट्स/ऑल’मध्ये मॉड्यूल्स टाकतात, आणि नवं ड्रुपल तिथेही मुकाट्याने शोधतं. तेव्हा पहिली झडती तिथे घ्या.

जागा बदलणं आणि नाव बदलणं या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत, त्या एका बैठकीत करू नका. किंबहुना मशीन-नाव बदलूच नका. कॉन्फिगरेशनची नावं, डेटाबेसची टेबलं, ब्लॉक्सची ओळख, अपडेटची नोंद, सगळं त्या नावाला बांधलेलं असतं. ‘मंडळ_मेंबर’ नकोसं झालं असेल तर इन्फो फाईलीतलं दिसायचं नाव बदला आणि आतलं तसंच सोडा. आपल्यात लग्नानंतर नाव बदललं तरी माहेरी जुन्याच नावाने हाक मारतात, तेवढं चालतं.

जागा बदलण्यापूर्वी डेटाबेसची प्रत घ्या. मग सगळ्या कोडमध्ये ‘मॉड्यूल्स/कस्टम/’ हा मजकूर शोधा, आणि जुना पत्ता दुसरा असेल तर तोही. कुणीतरी कुठेतरी चित्राचा किंवा फाईलीचा पत्ता हाताने लिहिलेला असतोच. माझ्या अनुभवात तो बहुधा सीएसएसमध्ये किंवा ट्विग टेम्प्लेटमध्ये सापडतो. पीएचपीमध्ये असेल तर त्या जागी मॉड्यूल-यादीच्या सेवेला मशीन-नाव देऊन पत्ता विचारा. त्यासाठी पूर्वी असलेलं ‘ड्रुपल_गेट_पाथ’ हे फंक्शन ड्रुपल 10 मध्ये काढून टाकलं आहे. लायब्ररीजच्या वायएमएल फायलीतले पत्ते मॉड्यूलच्या फोल्डरपासून मोजले जातात, त्यांना हात लावायची गरज नाही. नेमस्पेसही मशीन-नावावरून ठरतो, तोही तसाच राहतो.

फोल्डर हलवताना गिटचाच मूव्ह आदेश वापरा, आणि त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल मिसळू नका. मग लगेच ड्रशने कॅश पुन्हा बांधा. मॉड्यूल्सचे पत्ते कॅशमध्ये साठवलेले असतात, ती बांधेपर्यंत साईट जुन्या जागी शोधत राहील आणि पांढरं पान दाखवेल. सर्व्हरवर पीएचपी-एफपीएम एकदा रीस्टार्ट करा. साईट वापरात असेल तर हे मेंटेनन्स मोडमध्ये करा, आणि मंडळाची साईट असेल तर आरतीच्या वेळेला करू नका.

जे मॉड्यूल कुणालाच नको आहे त्याचा फोल्डर आधी उडवायचा नाही. आधी ॲडमिनमधून किंवा ड्रशने अनइन्स्टॉल, ते कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट, तो बदल सर्व्हरवर, आणि त्यानंतरच्या फेरीत फोल्डर. क्रम उलटा झाला तर यादीत नाव उरतं, वस्तू नसते, आणि स्टेटस रिपोर्ट तुम्हाला रोज त्याची आठवण करून देतो. अनइन्स्टॉल करताना त्या मॉड्यूलची टेबलंही जातात. देणगीच्या पावत्या त्यात असतील तर आधी खजिनदारांना विचारा.

सगळं लागलं की एक परीक्षा घ्या. ताज्या ठिकाणी गिटमधून साईट उतरवा, किंवा आहे त्या ठिकाणचे ‘कोअर’, ‘कॉन्ट्रिब’, ‘समाईक’ आणि ‘व्हेंडर’ हे फोल्डर उडवा. कम्पोझर इन्स्टॉल चालवा. साईट होती तशी उभी राहिली, पावती छापली गेली, नावनोंदणीचं पान उघडलं, तर वाटणी बरोबर आहे. काही तुटलं तर तुमचं काहीतरी अजून दुसऱ्याच्या कपाटात पडलेलं आहे. नावनोंदणीचं मॉड्यूल ‘कस्टम’मध्ये आणल्यावर मी हे केलं, तेव्हा आणखी एक गोष्ट तुटली. प्रमाणपत्रावरचा मंडळाचा लोगो कुणीतरी ‘कॉन्ट्रिब’मधल्या पीडीएफ मॉड्यूलच्या फोल्डरात ठेवलेला होता. ही परीक्षा लॅपटॉपवर घ्या, सर्व्हरवर नव्हे.